मॅडर व्हॅलीची गाडी बघायला निघायच्या आधी

आमच्या इंग्लंडमधल्या रेडिंगच्या ग्रुपमधल्या दोन-तीन घरांनी विचारलं की मुलांना घेऊन पेंडनच्या मॉडेल रेल्वे म्युझियमला जायचंय तर काय काय तयारी लागेल, प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगण्यापेक्षा इथे एकदाच सगळं लिहून टाकते.

सगळ्यात आधी तारीख बघा, तिकीट नंतर. पेंडन म्युझियम ऑक्सफर्डशायरमधल्या लाँग विटनम गावात आहे आणि बघण्यासारखं तिथे पुष्कळ आहे, पण मी ज्यासाठी जा म्हणतेय ती मॅडर व्हॅली नावाची छोटी मॉडेल रेल्वे रोज चालत नाही, ठरावीक दिवशीच चालवतात, बाकी दिवस ती नुसती मांडून ठेवलेली असते. पहिल्या वेळी मी हे न बघता भाच्याला घेऊन गेले, बाकीचं सगळं मस्त बघून झालं पण जिच्यासाठी गेलो ती गाडी काही हललीच नाही, पोरगं पूर्ण वेळ तिथेच उभं राहून वाट बघत होतं, मला अजून वाईट वाटतं. म्हणून त्यांच्या साइटवर मॅडर व्हॅली कोणत्या दिवशी चालणार ते बघून त्याच दिवसाचं बुकिंग करा.

दुसरी तयारी घरी बसून करायची आणि माझ्या मते हीच खरी. मॅडर व्हॅली नावाची रेल्वे इंग्लंडमध्ये कधीच नव्हती. जॉन अहर्न नावाच्या लंडनच्या माणसाने १९३० च्या दशकाच्या शेवटी ही लाईन मनाने रचली आणि मग घरात उभी केली. त्या काळात मॉडेल रेल्वे म्हणजे बहुतेक वेळा रूळ आणि गाड्या, बस. अहर्नने बंदर, गल्ल्या, दुकानं, चढाव, झाडं, नदी असा अख्खा मुलूख उभा केला आणि त्यातून गाडी नेली, असा विचार करणाऱ्या अगदी सुरुवातीच्या लोकांपैकी तो एक. १९६१ मध्ये तो गेला आणि पुढे ते सगळं पेंडनला आलं. आता लाईन खरी नसली तरी ती बनवणाऱ्याला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतंच ना, इथे स्टेशन का, हा फाटा कुठे जातो, या गावाला मालगाडीतून काय येतं आणि इथून काय जातं. ही कारणं डोक्यात नसली की आपण दहा मिनिटं गाडी फिरताना बघतो आणि कॅन्टीनकडे वळतो. म्हणून आदल्या रात्री मुलांना घेऊन बसा, एक कागद घ्या आणि एका टोकाला मॅडरपोर्ट म्हणजे बंदर काढा, मग पुढे गॅमन मॅग्ना वगैरे नावं टाका, बाकीची जागा रिकामी सोडा, ती तिथे गेल्यावर भरायची. नावं वाचताना एक मजा सांगा मुलांना, इंग्लंडातल्या गावांच्या नावापुढे मॅग्ना आणि पार्वा लागतं ते म्हणजे आपलं बुद्रुक आणि खुर्द. गॅमन बुद्रुक! आणि पेंडनच्या दुसऱ्या मोठ्या देखाव्यातलं गाव आहे पेंडन पार्वा, तेही कल्पनेतलंच, म्हणजे पेंडन खुर्द. माझ्या भाच्याला हे इतकं आवडलं की तो अजून तसंच म्हणतो.

माझं आजोळ बार्शीचं म्हणून मला अशा छोट्या लाईन्सचं जरा जास्तच आहे हे कबूल. बार्शी लाईट रेल्वे १८९७ ला सुरू झाली, अडीच फुटी गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, ती बांधणारा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप, आणि याच माणसाने बार्शीचा अनुभव गाठीशी बांधून पुढे इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड लाईनचं काम केलं, तीही अडीच फुटीच, १९०४ ला सुरू झाली आणि १९३४ ला बंद पडली. म्हणजे अहर्न मॅडर व्हॅली रचत होता तेव्हा इंग्लंडमधल्या अशा खऱ्या खेडवळ लाईन्स एकेक करून बंद होत होत्या. निघायच्या आधी घरातल्या आजी-आजोबांना विचारून घ्या, कुणी बार्शी लाईटने पंढरपूरला गेलंय, कुणी शकुंतलेने अचलपूरला, कुणी नेरळवरून माथेरानला, ती गाडी किती हळू जायची, कुठे थांबायची, डब्यात काय काय माल असायचा. हे ऐकून गेलेलं मूल मॅडर व्हॅलीकडे वेगळ्याच नजरेने बघतं, मी बघितलंय.

हळू चालण्यावरून आठवलं, मुलांची मनाची तयारी करून न्या. हे सगळं १:७६ च्या मापात आहे, म्हणजे पावणेसहा फुटी माणूस तिथे जेमतेम २३ मिलिमीटरचा, आणि खरा एक किलोमीटर दाखवायचा तर १३ मीटर जागा लागेल, त्यामुळे अंतरं आवळलेली असणारच. वेगाचंही तसंच. इंग्लंडात १८९६ च्या कायद्याखालच्या लाईट रेल्वेंना साधारण ताशी २५ मैलांची मर्यादा असायची, म्हणजे ४० किलोमीटर, ते या मापात सेकंदाला १५ सेंटीमीटर पण होत नाही. घरी टेबलावर पट्टी ठेवून एखादी खेळण्यातली गाडी त्या वेगाने ढकलून दाखवा, मग तिथे कुणी किती स्लो आहे असं म्हणणार नाही. शिवाय ती इंजिनं जुनी आहेत, मध्येच अडतात, रुळावरून उतरतात, चालवणारी माणसं शांतपणे परत लावतात, तेवढा धीर ठेवायचा.

बॅगेत काय, तर दुर्बीण असेल तर घ्या पण आधी घरात तपासा, पुष्कळशा दुर्बिणींना तीन-चार मीटरच्या अलीकडचं स्पष्ट दिसत नाही आणि इथे तर बरंचसं हाताच्या अंतरावर असतं, त्यामुळे जवळचं फोकस होणारी छोटीच बरी. वाचायचा चष्मा आणि लांबचा चष्मा दोन्ही घ्या, माझ्या सासूबाईंना वाचायच्या चष्म्याने सगळं धुरकट दिसत होतं आणि लांबचा घरी राहिला होता. पाठीवरची सॅक आत गेल्यावर पुढे घ्या, वळताना तिचा धक्का कशाला लागला तर कुणीतरी कित्येक महिने बसून केलेलं काम जाईल. फोनचा फ्लॅश घरूनच बंद करून निघा. वही-पेन्सिल आणि तो आदल्या रात्रीचा कागद विसरू नका.

जायचं कसं, तर लंडनहून पॅडिंग्टनवरून डिडकॉट पार्कवे, तिथून गाव पाच-सहा किलोमीटर, टॅक्सी जातानाच परतीचीही सांगून ठेवा. गाडी असेल तर काहीच प्रश्न नाही. गाव लहान आहे, खाण्याचं बघायचं तर मी पोळीभाजीचे रोल घेऊन जाते आणि बाहेरच खाऊन घेते.

तिथे पोचल्यावर आधी एक फेरी नुसती मारा, कागदावरच्या रिकाम्या जागा भरा, आणि मग प्रत्येकाने एक वाघिण किंवा एक डबा निवडायचा आणि फक्त त्याच्यावर नजर ठेवायची, कुठे जोडला, कुठे सोडला, भरलेला गेला की रिकामा आला. सगळं बघू म्हटलं की काहीच बघून होत नाही. चालवणाऱ्यांना प्रश्न जरूर विचारा, ती प्रेमाने सांगणारी माणसं आहेत, पण गाडी हातात असताना नको, ती स्टेशनात येऊन थांबली की विचारा. आणि प्रश्न हा विचारा की या गाडीत आत्ता कोण बसलंय आणि कशासाठी निघालंय, याचं उत्तर इंजिनाच्या माहितीपेक्षा जास्त रंगतं. जमलं तर रुळांकडेही वाकून बघा, अहर्नच्या दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर आहे आणि पेंडनच्या स्वतःच्या देखाव्यांत १८ च्या आसपास, त्यामुळे एकाच मापाच्या दोन गाड्यांपैकी एक जरा काटकुळ्या पायांवर उभी वाटते. हा फरक ज्याला आपणहून दिसेल त्याला माझ्याकडून चॉकलेट. तिथल्याच डार्टमूर या इंग्लंडमधल्या माळरानाच्या देखाव्यातला लाकडी पूल मात्र कुणी चुकवू नका.

परतताना वेळ उरला तर डिडकॉट स्टेशनला लागूनच जुन्या खऱ्या इंजिनांचं रेल्वे सेंटर आहे, त्याचेही उघडे दिवस आधी बघून ठेवा. काही जण ते आधी करा म्हणतात, मी नंतरच म्हणते, कारण सकाळचे ताजे डोळे त्या बारीक कामाला लागतात. आणि दुपारी ग्रेट वेस्टर्न या जुन्या रेल्वे कंपनीच्या खऱ्या इंजिनाशेजारी पोराला उभं केलं की ते आधी चाकाकडे बघतं आणि मग वहीत सकाळी काढलेल्या बोटभर चाकाकडे.