वकिलांचं बिल फुगतंय? या चुका टाळा

लोटे-परशुराम, महाड, रोह्याच्या अनेक कारखान्यांत लीगल विभाग म्हणजे एक-दोन माणसं. केसेस मात्र कामगारांच्या, वसुलीच्या, पुण्याच्या हरित लवादातल्या, हायकोर्टातल्या. बाहेरच्या फर्मवर भिस्त ठेवावीच लागते. म्हणूनच ‘फाईल पाठवतो, फीचं नंतर बघू’ असं फोनवर सांगून काम देणं ही सगळ्यांत महागडी चूक. काम सोपवतानाच टप्प्याटप्प्याची फी लेखी घ्या: नोटीस, कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर), अंतरिम अर्ज, पुरावा, युक्तिवाद. तारीख नुसती पुढे गेली तर काय आकारणार, प्रवास आणि मुक्कामाचा खर्च कुणाचा, हेही त्यातच.

दुसरी चूक, बिल न वाचता पास करणं. ‘कॉन्फरन्स, फाईल वाचन व इतर कामे’ अशी एकच ओळ आणि पुढे मोठा आकडा असेल तर बिल परत पाठवा. कोणत्या दिवशी, कोणी, काय केलं आणि किती वेळ लागला, हे वेगवेगळं दिसलं पाहिजे. एकाच कॉन्फरन्सला तीन वकील बसले आणि तिघांचेही तास लावले, तर तिघांची गरज काय होती ते विचारा. संकोच नको, चांगली फर्म याचा राग मानत नाही. मात्र दर घासून घासून कमी करणं मला पटत नाही. मग काम नवख्या ज्युनियरकडे जातं आणि कैफियत दोनदा लिहावी लागते.

साधी तारीख घ्यायला मुंबईहून वकील रत्नागिरीला आणू नका, स्थानिक वकील पुरतो. हायकोर्टाचंही गणित बदललंय. 18 ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गची प्रकरणं हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (मुंबईबाहेर बसणाऱ्या खंडपीठाकडे) जातात, रायगडची मुंबईतच राहिली. तरी जुनी मुंबईची फर्म तशीच ठेवली, तर दर सुनावणीला कोल्हापूरचा प्रवासखर्च बिलात येतो. लोटे रत्नागिरी जिल्ह्यात, म्हणून तिथल्या कंपनीने हा हिशेब आजच करावा.

3 लाखांपासून पुढचा व्यापारी वाद असेल आणि तातडीचा अंतरिम आदेश नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. ती टाळून दाखल केलेला दावा फेटाळला जाऊ शकतो आणि ड्राफ्टिंगचा खर्च पाण्यात जातो.

‘जिंकलो तर टक्का देऊ’ असा सौदा करू नका, बार कौन्सिलच्या नियमांत तो वकिलाला चालत नाही.

बिलावर जीएसटी दिसला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. वकिलाच्या फीवरचा 18 टक्के कर रिव्हर्स चार्जने कंपनीनेच भरायचा असतो, तोही जमा क्रेडिटमधून न वळवता रोखीने. त्याचं क्रेडिट (पुढच्या जीएसटीतून वजावट) नंतर मिळतं, पण बजेटमध्ये ती रक्कम आधी धरावी लागते.

आणि झालेल्या पण बिल न आलेल्या कामाचा आकडा फर्मकडून दर महिनाअखेरीस ईमेलवर मागवा. तो मार्चमध्ये एकदम आला, तर अकाउंट्सकडे प्रोव्हिजन (हिशेबात त्या खर्चाची तरतूद) करायलाही वेळ उरत नाही.