मेल नाकारण्याआधी डीएनएस नीट तपासा
बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीचा मेल सर्व्हर असो वा निपाणीच्या पतसंस्थेचा, पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली चाळणी पीटीआरची, म्हणजे आयपीवरून नाव सांगणाऱ्या डीएनएस नोंदीची लावा: ज्या आयपीला नावच नाही, त्याला दारातूनच परत पाठवा. नाव आणि आयपी दोन्हीकडून जुळायलाच हवेत, हा कडक नियम लगेच नको. छोट्या गिऱ्हाइकाची खरी ऑर्डर अडकते. आधी आठवडाभर ‘वॉर्न इफ रिजेक्ट’ (मेल न नाकारता लॉगमध्ये फक्त इशारा) ठेवून लॉग वाचा.

स्पॅमहाउस या संस्थेची संशयास्पद आयपींची यादी वापरताना मात्र ८.८.८.८ सारखा सार्वजनिक रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं शोधून देणारा सर्व्हर) अजिबात नको. तिथून १२७.२५५.२५५.२५४ हा त्रुटीचा कोड येतो, सर्व्हर त्यालाच ‘यादीत आहे’ समजतो आणि सगळंच टपाल नाकारतो. म्हणून सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवा, आणि स्पॅमहाउसच्या झेन या एकत्रित यादीची १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ एवढीच उत्तरं ग्राह्य धरा.