डांगाणातील जनावरांसाठी भाताच्या पेंढ्यावर युरिया प्रक्रिया

अकोले आणि इगतपुरीच्या डोंगराळ डांगाणात चारा उगवतो तो पावसाळ्याच्या चार महिन्यांत. डांगी जातीची जनावरे कातडीतून पाझरणाऱ्या तेलकट स्रावामुळे मुसळधार पावसातही तग धरतात. पण फाल्गुन-चैत्रात डोंगर वाळले, की हीच काटक जनावरे नुसत्या भाताच्या पेंढ्यावर खंगत जातात. पेंढ्यात प्रथिने जेमतेम तीन ते चार टक्के असतात आणि त्याचा तंतू इतका चिवट असतो, की पोट भरूनही अंगी लागत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर बैल अशक्त झाला म्हणून तो मिळेल त्या भावात विकून टाकावा लागणे हे फार मोठे नुकसान आहे आणि ते टाळता येते, म्हणूनच ही पद्धत सविस्तर सांगत आहे.

दिवाळीनंतर खळे आटोपले, की प्रक्रियेला लागावे. दर १०० किलो कोरड्या पेंढ्याला ४ किलो युरिया आणि ४० ते ५० लिटर पाणी हे प्रमाण काटेकोरपणे पाळावे. युरिया अंदाजाने कधीही टाकू नये. ४५ किलोच्या एका गोणीत सुमारे ११ क्विंटल पेंढा तयार होतो, आणि जनावरामागे रोज पाच किलो धरले तर दोन जनावरांचे साडेतीन महिने त्यावर निघतात. पावसात भिजून काळा पडलेला पेंढा यासाठी घेऊ नये.

जागा गोठ्याजवळची, उंचवट्यावरची आणि मुख्य म्हणजे सपाट असावी. आम्ही पहिल्या वर्षी उतारावरच गंजी रचली. पाणी झिरपून खालच्या अंगाला साचले आणि तो सगळा भाग बुरशीने वाया गेला. जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरून त्यावर पेंढ्याचा वीतभर थर द्यावा, युरिया पूर्ण विरघळलेले पाणी झारीने सगळीकडे सारखे शिंपडावे, थर पायांनी घट्ट तुडवावा आणि मगच दुसरा थर चढवावा. आत हवा जितकी कमी राहील, तितका पेंढा चांगला मुरतो. कुट्टी केलेला पेंढा अधिक घट्ट दाबला जातो, मात्र अखंड पेंढाही चालतो. शेवटी सगळी गंजी प्लास्टिकने झाकून कडा मातीने लिंपून घ्याव्यात आणि वर दगड ठेवावेत.

आत युरियापासून अमोनिया वायू तयार होतो. तो तंतूची चिवट वीण सैल करतो आणि प्रथिनांचे प्रमाण जवळपास दुपटीने वाढवतो. यासाठी २१ दिवस लागतात, पण पौषाच्या कडक थंडीत आणखी आठवडाभर थांबणे चांगले. तयार पेंढा तपकिरी व मऊ होतो आणि उघडताच त्याचा उग्र वास नाकाला झोंबतो.

गंजी एका बाजूनेच उघडावी, दिवसापुरता पेंढा काढून प्लास्टिक पुन्हा घट्ट बसवावे आणि काढलेला पेंढा तासभर पसरून वास उडू द्यावा. पहिला आठवडाभर तो साध्या पेंढ्यात मिसळून द्यावा आणि हळूहळू त्याचे प्रमाण वाढवावे. सहा महिन्यांच्या आतील वासरांना, तसेच घोडा व गाढव यांना तो मुळीच देऊ नये. सोबत खनिज मिश्रण आणि उंबराचा किंवा शेवरीचा थोडा तरी हिरवा पाला द्यावा, कारण पेंढ्यातून कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व पुरेसे मिळत नाही.

युरियाचे द्रावण मात्र क्षणभरही उघड्यावर ठेवू नये, कारण तहानलेले जनावर ते पिऊन दगावू शकते. थरकाप, तोंडातून लाळ आणि पोटफुगी ही विषबाधेची लक्षणे अर्ध्या-एक तासातच दिसू लागतात. अशा वेळी पशुवैद्यकाला तातडीने बोलवावे आणि ते येईपर्यंत जनावराला व्हिनेगर व थंड पाणी कसे आणि किती पाजायचे, हे त्यांनाच फोनवर विचारून घ्यावे. यासाठी गंजी रचण्यापूर्वीच घरात व्हिनेगर आणून ठेवावे, कारण वाडीवरून बाजाराच्या गावाला जाऊन येण्यात निम्मा दिवस जातो.