सासऱ्यांची वाडी पाहुण्यांसाठी उघडताना

श्रीवर्धनजवळ आमची दोन एकरांची वाडी आहे. नारळ, पोफळी, थोडी जायफळं आणि मधोमध जांभ्याचं कौलारू घर. सासरे गेल्यावर ती सात जणांच्या नावावर आली, त्यातले पाच डोंबिवली नि पुण्याला. विकायची नाही यावर सगळ्यांचं एकमत. सांभाळायची कुणी, यावर मात्र सगळे गप्प. शेवटी मीच पदर खोचला. मुलाबाळांसकट येणाऱ्यांना दिवसभरासाठी वाडी खुली केली, त्याला चार वर्षं झाली. तुमच्या वाट्याला अशी जागा आली असेल तर माझं ऐका.

आधी सातबारा. वारसनोंदीचा फेरफार मंजूर होईपर्यंत एक खिळा ठोकू नका. नणंदांची नावं ‘नंतर बघू’ म्हणून मागे ठेवू नका, पुढे तेच भांडणाचं मूळ होतं. आम्ही सातही जणांचा करार नोंदवून घेतला: वाडी कोण चालवणार, डागडुजी आधी वजा, उरेल त्याचे वाटे, आणि मे महिन्यातले आठ दिवस फक्त घरच्यांचे. हे शेवटचं कलम धाकट्या जाऊबाईंचं. तेव्हा मी हसले होते. पण त्या आठ दिवसांमुळेच आज कुणाची कुरकुर नाही.

मग ग्रामपंचायत आणि जेवणासाठी अन्न सुरक्षा नोंदणी. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० सालचं आहे, त्याची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. समुद्र जवळ असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्याची, हद्द बघितल्याशिवाय नवं बांधकाम काढू नका. आम्ही काढलंच नाही.

पैसे घालायचे ते विहिरीत आणि संडासात. आमच्या विहिरीचा कठडा गुडघ्याएवढा. घरचं कुणी कधी पडलं नाही, पण शहरातलं पोर आल्या आल्या तिथंच वाकतं. कठडा छातीपर्यंत चढवला, वर लोखंडी जाळी टाकून कुलूप लावलं. संडासाची टाकी विहिरीपासून लांब, उताराच्या अंगाला. नारळाखाली मुलं खेळणार, म्हणून पाहुणे यायच्या आधी पाडेल्याला बोलावून तयार नारळ आणि वाळक्या झावळ्या उतरवून घेते. दगडांचे, लाकडांचे ढीग घरालगत ठेवू नका, फुरसं तिथंच दडतं. साप चावल्यास कुठल्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, त्याचा फोन नंबर ओटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलाय.

आता माझा मूर्खपणा. पहिल्या वर्षी चाळीस हजारांची प्लास्टिकची घसरगुंडी आणली. अकरा वाजता ती अशी तापायची की पोरं ढुंकून बघत नसत. ती सगळी पाटात! पंप सुरू झाला की पाटाचं पाणी एकेका आळ्यात वळवायचं, मातीचा बांध घालायचा, फोडायचा. ते काम गड्याच्या हातून हिसकावून घेतात. घसरगुंडीवर आम्ही आता आमसुलं वाळवतो.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात निम्म्या पोफळी आडव्या झाल्या. नवी रोपं लावली, पण पोफळ धरायला पाच-सहा वर्षं लागतातच. ती उघडी पडलेली जागा मुलांना दिली. तिथं विरीची गाडी चालते: पोफळीच्या गळलेल्या झावळीच्या रुंद बुडावर एकानं बसायचं, दुसऱ्यानं शेंडा धरून ओढायचं. खर्च शून्य. आजोबा लोकही बसतात, मागून विरी फाटते.

थंडीत वालाच्या शेंगा आल्या की पोपटी लावतो. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, मीठ, ओवा. मडकं उपडं घालून भोवती जाळ. जेवण मात्र घरचंच ठेवा. पनीर मागणाऱ्यांना मी वालाचं बिरडं वाढते, आणि दुसऱ्यांदा मागून घेतात.

एका दिवशी पंचवीस माणसं, त्यावर एकही नाही. ओळखीचे फार गळ घालतात, तेव्हा मी त्यांना विहिरीकडे नेते. एप्रिलनंतर पंप जास्त चालला की पाणी मचूळ होतं, आणि मचूळ पाणी पोफळीला सोसत नाही. म्हणून उन्हाळ्यात पंधराच.