जुन्या फियाटचे ड्रम ब्रेक: सुटे भाग घेताना या चुका टाळा

नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या उतारावर माझी जुनी फियाट, म्हणजे पद्मिनी, अचानक उजवीकडे ओढायला लागली, तेव्हा पुढच्या ब्रेकचं काम होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. डावा ड्रम उघडला तर ड्रमला आतून दाबणारे शू ब्रेक ऑइलने ओलेचिंब. गळत होता तो शूंना ढकलणारा व्हील सिलिंडर, आणि तो मी हौसेने शोधून आणला होता. एका जुन्या दुकानाच्या माळ्यावरचा, पॅकबंद, डब्यावरची छपाईसुद्धा फिकी न पडलेली. धातू खरोखर उत्तम होता. आतलं रबर मात्र पत्र्याच्या छपराखाली वीसेक उन्हाळे काढून कडक झालं होतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणारं आपलं गाव, त्या माळ्यावर काय होत असेल याचा विचार मी केलाच नव्हता.

‘ओरिजनल’ या शब्दाला भुलणं ही पहिली चूक, आणि माझ्या मते सगळ्यांत धोक्याची. अशा जुन्या गाड्यांत बहुधा चारही चाकांना तेलाची एकच लाइन असते. एक सिलिंडर गळला की सगळे ब्रेक जाऊ शकतात. जुना बंद डबा मिळाला तर जरूर घ्या, पण दुकानातच उघडा. बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकात, बोट फिरवून गंजाचे खड्डे आहेत का पाहा आणि आतले रबरी कप काढून ताज्या रबरांचं किट भरा. चाकाकडे तेल नेणारा रबरी होज पाइप आणि पेडल दाबल्यावर तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचं किट तर कायम नव्या मालातलंच घ्या.

दुसरी चूक, गाडीच्या नावावर माल मागणं. ‘फियाटचा सिलिंडर द्या’ म्हटलं की दुकानदार हाताला येईल तो देतो. पुढचा-मागचा बोअर वेगळा असू शकतो, मधल्या काळात कुणी दुसऱ्याच गाडीचा भाग बसवलेला असू शकतो. म्हणून काढलेला भाग पिशवीत घालून न्या आणि माप घ्यायला व्हर्नियर सोबत ठेवा. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी. त्यात २० मिमीचा कप कोंबला तर पिस्टन परत येत नाही, चाक तापतं.

हेच आट्यांचं. अँबेसेडर मुळात ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड, तिचे आटे इंचाच्या मापाचे. फियाट इटलीची, तिचे मिलिमीटरचे. चुकीचा नट दोन फेरे छान जातो, तिसऱ्याला अडतो, आणि मग पान्याने रेटताना मेकॅनिक म्हणतो, “भाऊ, बसून जाते हे.” तिथेच त्याचा हात धरा. नट बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे, पाना फक्त कसायला.

ड्रमला टर्निंग करायचं, म्हणजे लेथवर आतून तासायचं, तर एकाच अ‍ॅक्सलचे दोन्ही ड्रम एकाच मापाला आणा, नाहीतर गाडी ओढणारच. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असेल तर तो ओलांडू नका, कारण पातळ ड्रम लवकर तापतो आणि फाकतो. हिंगणा एमआयडीसीत लेथ भरपूर आहेत, काम सहज होतं. पण ड्रम मोठा झाला की नव्या शूची गोलाई त्याला जुळत नाही, हे बरेच जण विसरतात. ड्रमच्या आत खडू फासा, शू हाताने दाबून घासा. खडू फक्त मधोमध लागला तर शूवरचं घर्षणाचं लायनर घासून गोलाईला आणायला हवं. तोवर पेडल स्पंजासारखं लागतं आणि लोक विनाकारण तेलातली हवा काढत बसतात.

आता लक्षणांवरून थोडं. पेडल दाबताना पायाला ठोके बसले तर ड्रम ओव्हल झालाय. दोनदा पंप केल्यावरच ब्रेक लागत असेल तर आधी शूचं अ‍ॅडजस्टमेंट करा, हवा नंतर. दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली गेलं आणि कुठेही गळती दिसली नाही, तर मास्टर सिलिंडरचे कप गेले. एकच चाक तापत असेल तर रिटर्न स्प्रिंग बघा आणि होजसुद्धा बदला. वरून धडधाकट दिसणारा होज आतून फुगतो, मग तेल जातं पण परत येत नाही.

आणि खास आपल्या उन्हाळ्यातली तक्रार: सकाळी ठीक असलेली गाडी दुपारी जड चालते, चारही चाकं धरतात. पेडलला जरासा फ्री प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, नसला की मास्टर सिलिंडरचं परतीचं छिद्र झाकलेलं राहतं. तापलेलं तेल फुगतं, त्याला जायला जागा नसते. त्यासाठी नवे शू आणू नका, पेडलच्या रॉडचं अ‍ॅडजस्टमेंट करा.

रबराचे भाग पेट्रोलने किंवा डिझेलने धुऊ देऊ नका, ते फुगतात. ब्रेक ऑइलनेच पुसा. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात जातं. ओलं फडकं पुरेसं आहे.

काम झालं की दोन-तीनशे किलोमीटर चालवून ड्रम परत उघडा आणि व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्या उचलून आत ओल आहे का बघा. त्या पद्मिनीच्या टोप्या मी तेव्हा उचलल्या असत्या, तर गळती उतारावर कळली नसती, घरीच दिसली असती.