फुल फ्रेम घ्यायचा का? आधी स्वतःचे बिघडलेले फोटो उघडा

कॅमेरा बदलायचा किडा एकदा डोक्यात शिरला की माणूस दोन-तीन महिने नुसते रिव्ह्यू बघत बसतो आणि फोटो काढायचं राहूनच जातं. माझं तेच झालेलं. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा (सेन्सर म्हणजे उजेड टिपणारी चकती; फुल फ्रेममध्ये ती जुन्या फिल्मएवढी मोठी असते, क्रॉपमध्ये लहान), सोबत आलेली १८-५५ किट लेन्स, एक झूम, आणि बिघडलेल्या प्रत्येक फोटोचं खापर सेन्सरच्या डोक्यावर. तर आधी ते रिव्ह्यू बंद करा आणि गेल्या वर्षभरातले स्वतःचे फोटो उघडा.

चांगले आलेले सोडून द्या. जे मनापासून हवे होते पण हातचे गेले असे चाळीस-पन्नास फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये काढा, प्रत्येकाचं शटर (किती वेळ उघडं होतं), ॲपर्चर (लेन्स किती उघडी होती, एफचा आकडा लहान म्हणजे उजेड जास्त), आयएसओ (कमी उजेडात फोटो किती उजळवला) आणि फोकल लेंग्थ (लेन्सचा एमएम आकडा, मोठा म्हणजे दूरचं जवळ) बघा (हे सगळं फोटोच्या फाइलमध्येच साठवलेलं असतं, लाइटरूमसारख्या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये लगेच दिसतं) आणि कागदावर प्रत्येकासमोर एकच कारण लिहा. हललाय, फोकस चुकलाय, उजेडच मेलेला, मागे नको ते आलंय, नॉइज (रवाळ ठिपके) आहे. दोन कारणं लिहायची नाहीत, मोठं कोणतं ते ठरवायचं. कंटाळवाणं काम आहे, तासभर जातो, पण करा.

माझ्या ४७ फोटोंत १९ हललेले निघाले, १२ मध्ये फोकस डोळ्याऐवजी कानावर नाहीतर मागच्या भिंतीवर, १० मध्ये दुपारचा कडक उजेड नाहीतर डोक्यातून उगवलेला खांब, आणि नॉइजमुळे खरोखर वाया गेलेले फक्त ६. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी सगळी बचत मोडायला निघालो होतो ती गोष्ट सहा फोटोंची होती!

आता त्या सहातला एक नीट उलगडून बघू, कारण सगळा हिशोब त्यातच कळतो. भाचीचा स्टेजवरचा डान्स, किट लेन्स पूर्ण ५५ वर नेलेली, तिथे तिचं ॲपर्चर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही, शटर १/२५०, आणि आयएसओ १२८००. चेहऱ्यावर वाळू फेकल्यासारखं दिसत होतं. फुल फ्रेम असता तर काय झालं असतं? फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, आणि निकॉन, सोनी, फुजीचा क्रॉप साधारण २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळ काढलं तर फरक सव्वादोन-अडीच पटीच्या मधे येतो, फोटोग्राफीच्या भाषेत सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). कॅननचा क्रॉप अजून थोडा लहान. म्हणजे तोच डान्स, तितक्याच एफ/५.६ वर, फुल फ्रेमने काढला असता तर नॉइज माझ्या कॅमेऱ्यावर आयएसओ ५०००-५५०० ला जेवढा दिसतो तेवढा दिसला असता. फरक आहे, नाही असं नाही. पण त्याच जागेवरून जुन्याच कॅमेऱ्याला ५० एमएम एफ/१.८ ची साधी छोटी लेन्स लावली असती तर? एफ/५.६ पासून एफ/१.८ पर्यंत जवळजवळ साडेनऊ-दहा पट उजेड, सव्वातीन स्टॉप, आयएसओ सरळ १३०० च्या आसपास. एका नाचणाऱ्या मुलीसाठी ती डेप्थ (पुढेमागे किती अंतर शार्प राहतं ते) पुरते, पूर्ण ग्रुप शार्प हवा असेल तर मात्र नाही पुरत. पण मुद्दा कळला असेल, मी बॉडीला, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्याला, शिव्या घालत होतो आणि घोडं पेंड खात होतं लेन्सपाशी.

त्यात अजून एक. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये) फोटो काढत असाल तर आताची एआय नॉइज रिडक्शन एकदा वापरून बघा, लाइटरूममध्ये २०२३ पासून डिनॉइज आहे. माझ्या सहातले चार त्यातूनच वाचले. पाचवा प्लास्टिकच्या बाहुलीसारखा झाला, ते असो.

दुसरं, डेप्थ. फुल फ्रेमने बॅकग्राउंड जास्त ब्लर होतं हे खरं आहे, फ्रेमिंग आणि ॲपर्चर तेच ठेवलं तर साधारण एक स्टॉपभर जास्त. क्रॉपवर ३५ एमएम एफ/१.८ लावून जो फोटो येतो तसाच फुल फ्रेमवर ५० एमएम एफ/२.८ च्या आसपास येतो, त्यामुळे फुल फ्रेमवर ५० एफ/१.८ लावली की त्याच्याही पुढे जाता येतं. पोर्ट्रेट हाच जीव की प्राण असेल तर ह्याला वजन द्या. पण उलटी बाजू कुणी सांगत नाही. दोन रांगांत उभी माणसं आहेत, सगळे चेहरे शार्प हवेत, क्रॉपवर एफ/४ ला काम होतंय, तर तेवढ्याच डेप्थसाठी फुल फ्रेमवर एफ/५.६ किंवा थोडं पुढे जावं लागतं, शटर तेच ठेवायचं म्हणजे आयएसओ दुप्पटीच्या वर, आणि तो सव्वा स्टॉपचा फायदा गेला कुठे तर गेला तिथेच. फायदा मिळतो तो उथळ डेप्थ चालणार असेल, नाहीतर ट्रायपॉडवर शटर लांबवता येणार असेल तेव्हा.

पक्षी काढणाऱ्यांनी तर दहादा विचार करा. क्रॉपवर ४०० एमएम लेन्स ६०० सारखी दिसते, फुल फ्रेमवर ती ४०० च राहणार. नंतर कापू म्हणाल तर २४ मेगापिक्सेलच्या क्रॉपइतके पिक्सेल पक्ष्यावर पडायला फुल फ्रेम ५४ मेगापिक्सेलचा लागतो. नाहीतर लांब लेन्स घ्या, ती उचला, आणि पाठीला विचारा.

मेगापिक्सेलचं थोडक्यात. ४के स्क्रीन म्हणजे सव्वाआठ मेगापिक्सेल. ए३ प्रिंट ३०० डीपीआयने काढायला साडेसतराच्या आसपास लागतात. २४ चा क्रॉप दोन्ही आरामात करतो.

मग घ्यावा कुणी? रात्रीचं आकाश, आकाशगंगा काढणाऱ्यांनी, कारण तिथे लेन्स आधीच पूर्ण उघडलेली असते आणि शटर जास्त लांबवलं की तारे रेघोट्या होतात, दुसरा सोपा उपाय उरत नाही. ज्यांच्याकडे एफ/१.८ किंवा एफ/२.८ लेन्स आधीच आहेत आणि तरीही अंधारात हात टेकावे लागतात त्यांनी. जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या मॅन्युअल लेन्स पडून आहेत आणि त्या पूर्ण रुंदीने वापरायच्यात त्यांनीही, शेवटी ३६ बाय २४ हे माप फिल्मचंच आहे, १९२५ च्या लायकापासून रूढ झालेलं. आणि ज्याला फक्त हवाच आहे त्यानेही घ्यावा, हौसेला मोल नसतं, फक्त स्वतःला "गरज आहे" असं सांगू नका.

घ्यायचा ठरला तर हिशोब बॉडीचा करू नका, लेन्सचा करा. आत्ता ज्या लेन्स खरंच वापरता त्यांची यादी काढा आणि प्रत्येकीवरची अक्षरं वाचा. निकॉनचं डीएक्स, कॅननचं ईएफ-एस किंवा आरएफ-एस, सोनीची एफई नसलेली नुसती ई, ह्या सगळ्या क्रॉपच्या. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) फुल फ्रेमवर लावल्या तर कॅमेरा बहुतेक आपोआप क्रॉप मोडमध्ये जातो आणि २४ मेगापिक्सेलचे दहा-साडेदहा उरतात, कॅननच्या ईएफ-एस तर फुल फ्रेम डीएसएलआरवर (आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) बसतच नाहीत. म्हणजे नवी महागडी बॉडी आणि फोटो आधीपेक्षा लहान. त्या यादीतल्या प्रत्येक लेन्सला फुल फ्रेममधली बदली शोधा, किंमत आणि वजन दोन्ही लिहा. ७०-२०० एफ/२.८ एकटीच किलो ते दीड किलो भरते, बॉडी वेगळी. बेरीज झाली की बरेच जण इथेच थांबतात.

आणि स्वस्तातला फुल फ्रेम विरुद्ध तगडा क्रॉप हीपण तुलना करा. कॅननचा आरपी, २०१९ चा, फुल फ्रेम आहे पण सेकंदाला ५ फोटो आणि बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही. त्याच माउंटचा (त्याच लेन्स बसणारा) आर७, २०२२ चा क्रॉप, मेकॅनिकल शटरने सेकंदाला १५ आणि स्टॅबिलायझेशनसकट. माझ्यासारखे १९ हललेले आणि १२ फोकस चुकलेले असतील तर दुसराच जास्त उपयोगी, सेन्सर लहान असला तरी.

एवढं करूनही मन ऐकत नसेल तर दोन दिवसांसाठी भाड्याने घ्या किंवा मित्राचा मागा. आणि त्यावर मजेचे फोटो काढत फिरू नका, ज्या प्रकारचे फोटो तुमच्या त्या फोल्डरमध्ये फसलेत तेच दोन्ही कॅमेऱ्यांनी शेजारी शेजारी काढा. मग दोन्हींचे १०-१० फोटो एकाच साइजमध्ये एक्सपोर्ट करा, नावं बदला आणि घरातल्या कुणालातरी एकेक करून दाखवायला सांगा, कुठला कशाचा ते तुम्ही ओळखायचं. मी वीसपैकी तेरा ओळखले, डोळे मिटून सांगितलं असतं तरी दहाच्या आसपास बरोबर आले असते. संध्याकाळनंतरचे मात्र सगळे बरोबर आले, तेव्हा हाही निकालच आहे.

मी शेवटी ५० एफ/१.८ घेतली. फुल फ्रेमचं पुढच्या वर्षी ह्याच पद्धतीने परत बघणार आहे, नवा फोल्डर आत्ताच बनवलाय, त्यात सध्या अकरा फोटो आहेत आणि नऊ हललेलेच आहेत.