गुणाकार करताना ‘ओव्हरफ्लो’ येतोय?

लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडतीसाठी व्हिज्युअल बेसिक ६ या प्रोग्रामिंग भाषेत हिशेबपट्टीचा प्रोग्राम लिहिला होता. १२ क्विंटल सोयाबीन, भाव ४,६००. बटण दाबलं की ‘रन-टाइम एरर ६, ओव्हरफ्लो’, म्हणजे आकडा मर्यादेबाहेर गेला. एकूण रक्कम साठवणारं व्हेरिएबल तर लाँग, म्हणजे मोठ्या पूर्णांकांचं होतं! पण वजन आणि भाव इंटिजर, म्हणजे लहान पूर्णांकांचे होते. या भाषेत दोन इंटिजरांचा गुणाकार आधी इंटिजरमध्येच होतो आणि त्याची मर्यादा ३२,७६७. उत्तर लाँगपर्यंत पोचतच नाही. म्हणून वजन आणि भाव दोन्ही करन्सी, म्हणजे पैशांच्या हिशेबासाठीच्या प्रकारात ठेवा. चार दशांश स्थळं अचूक राहतात, शेतकऱ्याच्या पट्टीत पैशाचाही घोळ होत नाही. आणि हो, व्हेरिएबल जाहीर करताना ‘डिम वजन, भाव ॲज करन्सी’ असं लिहिलं तर फक्त भाव करन्सी होतो, वजन व्हेरियंटच, म्हणजे प्रकार न ठरवलेलं राहतं. ‘ॲज करन्सी’ प्रत्येकापुढे लिहा.